आरसा घेऊन सूर्यफुलं बघायला

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मावशी दादरला भेटली तेव्हा तिच्या पिशवीत पाण्याची बाटली, दशम्या, भिंग आणि वेणीफणीच्या डब्यातला छोटा गोल आरसा होता. "आरसा कशाला गं?" तर म्हणाली, "फुलांना खालून बघायला," आणि बोरिवली फास्ट आल्याबरोबर माझ्याआधी आत.

भानगड माझ्यामुळेच झाली होती. आदल्या आठवड्यात मी घरच्या ग्रुपवर पिवळ्या फुलांचे चार फोटो टाकून खाली लिहिलं होतं, 'मुंबईतली रानटी सूर्यफुलं'. अर्ध्या मिनिटात मावशीचं उत्तर आलं: 'यात एकही सूर्यफूल नाही. रविवारी मोकळी आहेस का?' जन्मभर ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई. मोकळी नसून सांगते कोणाला!

बोरिवलीला पूर्वेकडे उतरलो आणि नॅशनल पार्कचं फाटक यायच्या आधीच तास सुरू झाला. दुभाजकावर गालिच्यासारखी पसरलेली, चकचकीत पानांची पिवळी फुलं. माझा फोटो क्रमांक एक. "ही वेडेलिया. जमिनीवर सरपटते, पेरापेराला मुळं धरते. पान बघ, तीन टोकांचं. सूर्यफूल असं लोळेल का?" माळ्यांची लाडकी आहे, कारण मरत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे, हे मला त्या दुभाजकावर उभं राहूनच कळलं.

पुढे कुंपणालगत नारिंगीकडे झुकणारा पिवळा कॉसमॉस कमरेएवढा माजला होता. हाही मूळचा मेक्सिकोकडचा. पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, समोरासमोर आलेली. इथे मावशीने आरसा काढला. फुलाच्या खाली धरला आणि म्हणाली, "आता वाक." आपण ज्याला फूल म्हणतो ते मुळात एक फूल नव्हेच, बारीक फुलांची गर्दी, त्याला स्तबक म्हणतात. कडेच्या पाकळ्या म्हणजे एकेक किरणपुष्प, मधली चकती बिंबपुष्पांची. या साऱ्या वऱ्हाडाला खालून सावरणारी हिरवी छदं, त्यांचं छदमंडल. आरशात दिसलं की कॉसमॉसची छदं दोन प्रकारची असतात: बाहेरची अरुंद, हिरवी, आतली रुंद, पातळ, पिवळट. "वरून बघशील तर सगळ्या पिवळ्या फुलांचे चेहरे सारखेच. खालून बघ." आतापर्यंत मी फुलांचे हजारभर फोटो काढले असतील. खालून एकही नाही.

नाल्याच्या काठी मात्र माझी खात्री होती. माझ्या दीडपट उंच झुडूप, हाताच्या पंजासारखी खाच पडलेली पानं, तळहाताएवढी पिवळीधमक फुलं. हे तरी सूर्यफूल? "टिथोनिया. लोक याला मेक्सिकन सूर्यफूल म्हणतात, तिथेच फसतेस." तिने माझी बोटं फुलाच्या देठावर ठेवली. स्तबकाच्या लगेच खाली देठ फुगलेला, दाबला तर पोकळ लागतो. सूर्यफुलाचा असा नसतो. दुसरी खूण बीवर. टिथोनियाच्या बीच्या डोक्यावरचा खवल्यांचा मुकुट चिकटून राहतो; सूर्यफुलाचा तसाच मुकुट बोट लागलं की गळून पडतो.

आत पार्कात पान तोडायचं नाही, आणि आरसा त्याचसाठी. चौथा फोटो तिथल्या पायवाटेवरचा निघाला: एकदांडी. लांब दांडीवर एकच फूल, दुधट पाकळ्यांना टोकाशी तीन दाते. लहानपणी गुडघा फुटला की हिचाच पाला चोळून लावायचे. हिला मी सूर्यफूल म्हटलं होतं याची आता लाजच वाटते.

बसने कान्हेरीला गेलो. लेण्यांबद्दल लिहायला बसले तर हा लेख संपायचा नाही, म्हणून थेट दशम्यांवर येते. पायऱ्यांवर बसून मावशीने फोन काढला. तिचा मुलगा कॅन्ससला असतो. सूर्यफूल हे 1903 पासून त्या राज्याचं अधिकृत फूल. हेलिअँथस या प्रजातीत पन्नासेक जाती आहेत आणि साऱ्या मुळात उत्तर अमेरिकेतल्या. मुलाने तिथल्या रस्त्याकडेच्या दोन जातींचे फोटो पाठवले होते, अर्थात आईच्या हुकमाने खालून काढलेले. पहिली हेलिअँथस ॲन्युअस, आपल्या शेतातल्या सूर्यफुलाची रानटी आजी: छदं रुंद, मग एकदम निमुळती होऊन लांब टोक काढलेली, कडेला राठ केस. दुसरी हेलिअँथस पेटिओलॅरिस: छदं भाल्याच्या पात्यासारखी अरुंद, आणि चकतीच्या मधोमध पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे बिंबपुष्पांमधल्या तुसांच्या टोकांवरची पांढरी लव.

"मग सोपं आहे की," मी म्हटलं.

"सोपं असतं तर! या दोघींचा संकर होतो. त्यातून तीन नव्या जाती स्थिरावल्यात. एक वाळूच्या टेकड्यांवर, एक वाळवंटात, एक खारट दलदलीत. जिथे आईबाप जगणार नाहीत तिथे पोरं नांदतात." हे सांगताना तिची दशमी तशीच हातात राहिली होती.

मी विचारलं, आपल्या मुंबईची म्हणावी अशी या कुळातली एखादी तरी आहे का? "नावाने आहे. सोनकी. शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. पण बघायची तर घाटावर, सड्यांवर जा. छदांची एकच ओळ, सगळी एका उंचीची, कुंपणासारखी." जायचं ठरलंय. मावशीने तारीखसुद्धा सांगून टाकली, मला न विचारता.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. कांदिवली जायच्या आत मावशीने आरसा पुन्हा काढला. मला वाटलं केस सारखे करतेय. आरसा माझ्या पाठीमागे धरून ती ओढणी तपासत होती. कॉसमॉसच्या लांबट काळ्या बिया, टोकाला दोन-दोन उलट्या काट्यांच्या, ओढणीत रुतून आमच्याबरोबर आल्या होत्या. मी एक काढून खिडकीबाहेर टाकायला हात नेला तर तिने मनगटच धरलं. मग दादर येईपर्यंत एकेक बी वेचून दशम्यांच्या रिकाम्या डब्यात. सतरा निघाल्या.