काचेलगतचं टेबल

लोअर परळच्या एखाद्या टॉवरमध्ये तिसाव्या मजल्याच्याही वर जाऊन जेवायचा बेत असेल, तर मेन्यू, पदार्थ, फोटो हे सगळं नंतर बघा. आधी टेबल कुठलं देणार ते विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. हॉटेलचं नाव मी लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही.

निमित्त आत्याच्या पंचाहत्तरीचं. तिचं निम्मं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं. काका गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर काम गेलं आणि दोघं अलिबागला आली. गिरण्यांच्या जागांवर टॉवर उभे राहिले, त्यातल्या एकावर चढून आपली गल्ली वरून बघायची, एवढीच तिची हौस. बुकिंगचं काम माझ्याकडे आलं.

फोनवरची मुलगी गोड बोलली. तीन माणसं, संध्याकाळी सात, माणशी डिपॉझिट, ते बिलातून वळतं होणार. लिंक आली, पैसे भरले. मी विचारलं, "काचेलगतचं टेबल ना?" "रिक्वेस्ट टाकलीय सर." पुन्हा फोन केला तर "नोट केलंय सर." त्यानंतर "त्या दिवशी मॅनेजर बघतील." पैसे घ्यायला मात्र कुणाला मॅनेजर लागला नाही.

वर पोहोचलो. लिफ्टने कानांना दडे बसले होते. दारातल्या पोराने टॅबवर बोट फिरवलं आणि आम्हाला नेलं ते खांबामागे, किचनच्या झुलत्या दारासमोर. आत्याला तिथून दिसत होती उष्ट्या बशांची ट्रॉली. मी म्हटलं, काचेचं काय झालं? तर म्हणे काचेलगतची टेबलं दोघांची असतात, तुम्ही तिघं आहात. अरे, मग फोनवर तीन माणसं सांगितली तेव्हा तोंडात काय होतं? चौघांचं एक टेबल साडेआठला रिकामं होईल, तोवर बारवर बसा, म्हणाला.

बारचं स्टूल आत्याच्या कमरेच्याही वर. खाली पाय टेकवायला पितळी दांडी, तीही गुळगुळीत. तिने साडीचा काठ सावरला, दांडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "या शिडीवर मी नाय चढायची." मग कुणीतरी कुठूनतरी एक खुर्ची आणली. ती बारच्या टेबलापेक्षा इतकी बुटकी की आत्याचं फक्त डोकं वर. समोर काचेलगत दोघांची दोन टेबलं शेजारीशेजारी रिकामी. मी म्हटलं, ती जोडा. "लेआउट बदलता येत नाही सर." बायको माझा शर्ट ओढायला लागली, जाऊ दे म्हणून. मी जाऊ दिलं नाही. आवाज न चढवता सांगितलं, डिपॉझिट परत करा, आम्ही खाली जाऊन वडापाव खातो. मॅनेजर आला. दोन मिनिटांत लेआउट बदलला.

"पण ही शहराची बाजू आहे, समुद्राची नाही, चालेल?" त्याने अपराधी चेहऱ्याने विचारलं. चालेल काय, धावेल! लोक समुद्राच्या बाजूसाठी भांडतात, पण अंधार पडल्यावर तिकडे सी लिंकचे दिवे सोडले तर नुसता काळोख. दिवे सगळे शहराच्या बाजूला. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि यांचं दार सातला उघडतं, म्हणजे सूर्यास्त कुणाच्याच नशिबात नाही. तो हवा असेल तर मे अखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला जा, तेव्हा सव्वासातच्या आसपास असतो. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, ढगात बसून जेवाल. थंडीतही धुरकं असतं.

आणि टेबलावरचा दिवा आधी उचलायला सांगा, नाहीतर काचेत आपलंच तोंड दिसतं. आमचा उचलल्यावर आत्याने लालबागचा उड्डाणपूल ओळखला, पुलाच्या दिव्यांवरून बोटाने मोजत मोजत गल्ली काढली आणि ताटातली सुरमई गार होईपर्यंत कुठे कोण राहायचं ते आम्हाला सांगत बसली. सुरमईचं म्हणाल तर तीन बोटांचा तुकडा, त्या भावात अलिबागच्या बाजारात अख्खी आली असती.

बिल नीट वाचा. दिवसाला साडेसात हजारांवर भाडं असलेल्या खोल्यांच्या हॉटेलात जेवणावर 18 टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या सुट्या रेस्टॉरंटात 5. तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे, तो परस्पर बिलात धरता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसं बजावलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. आमच्या बिलात तो होताच. काढा म्हटलं, काढला. ऐकलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आत्याला खुर्ची आणून देणाऱ्या पोराच्या हातात मी वेगळे पैसे ठेवले.

अरे हो, पुरुषांनी चपला-सँडल घालून जाऊ नये, दारातच अडवतात. आणि आमच्यासारखं अलिबागहून जाणार असाल तर जेवण उरकेपर्यंत मांडव्याची शेवटची बोट गेलेली असते. गाडीच न्या, परतीला शिवडीहून अटल सेतू धरा, मग पेण-वडखळ. व्हॅलेकडून गाडी मागवायची ती बिल मागतानाच सांगा, खाली यायला तिला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.