पुढच्या वर्षी घेऊ

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर मला एकच प्रश्न येतो. गेल्या डिसेंबरात नगरपरिषदेची निवडणूक झाल्यापासून तर रोजच येतो. "मॅडम, तुम्ही पाच वर्षं आत होतात. तुमच्यासारखी शिकलेली माणसं सभागृहात असती तर गावाचं सोनं झालं असतं, नाही का?" विचारणाऱ्याच्या मनात माझ्याबद्दल आदर असतो, हे मला कळतं. पण मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मग लोक समजतात की मॅडम विनयाने गप्प बसल्या. तसं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

२०१६ साली मी उभी राहिले तेव्हा माझं मत तुमच्यासारखंच होतं. बीएस्सी, बीएड, अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. त्याच्या आदल्या वर्षी हरियाणाने पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली होती, सर्वसाधारण पुरुषांना दहावी आणि बायकांना आठवी. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट मान्य केली, तेव्हा "आपल्याकडे हे कधी होणार?" असं मी चारचौघांत म्हणाले होते. त्या अटीने कोण कोण बाहेर राहिलं असेल, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. मी कुठल्याच अटीने बाहेर राहणार नव्हते.

नोटाबंदीच्या त्या नोव्हेंबरात प्रचार झाला आणि मी निवडून आले. आमची क वर्ग नगरपरिषद. आठ प्रभाग, सतरा नगरसेवक, त्यांत आम्ही नऊ बायका. नगराध्यक्ष थेट जनतेतून आलेले, ते वेगळे. तुम्हाला वाटतं तिथे सगळे ठेकेदार आणि नवऱ्यांच्या जागेवर बसलेल्या बायका होत्या. अर्धं खरं आहे. कायद्याने नगरसेवकाला पालिकेचा ठेका घेता येत नाही, म्हणून दोघांचे ठेके मेहुण्यांच्या नावावर होते. सभा चालू असताना बाहेरच्या बाकावर पाच नवरे बसलेले असायचे. टक्केवारीही होती. मी घेतली नाही. पण ती कोणत्या बिलात आहे हे मला साधारण कळायचं, आणि तरीही त्या बिलांच्या ठरावांना मी हात वर केलेला आहे. हे विचारायचं धाडस तुम्ही करत नाही, म्हणून मीच सांगते.

उरलेलं अर्धं तुम्हाला माहीत नाही. एक दूधवाले होते, सातवी झालेले. पहाटे चारला कॅन लावून निघायचे. कुठला दिवा बंद आहे हे ते खांबाच्या नंबरासकट सांगायचे आणि तो लागेपर्यंत विद्युत विभागातल्या माणसाच्या मागे असायचे. पाच वर्षांत त्यांनी दुसरा विषय फारसा मांडला नाही. पण आमच्या गावात दिवे लागले ते त्यांच्यामुळे. एकांचा प्लॉटिंगचा धंदा. गाव पूर्वेला वाढतंय, हे त्यांना सगळ्यांच्या आधी दिसलं, कारण प्लॉट पूर्वेला होते. तिथे चार घरं उभी राहायच्या आत डांबर पडलं. खता-बियाण्यांच्या दुकानदारांना गटाराचं पडलेलं, कारण पावसाळ्यात पाणी त्यांच्याच गोदामात शिरायचं. ते गटार झालं आणि त्या आळीतली तीस घरंही वाचली. आमच्यातला सर्वांत जास्त शिकलेला माणूस पाणीपुरवठ्याच्या विषयावर पाच वर्षांत एकदाही बोलला नाही. त्याच्या अंगणात बोअर होतं.

मला काय दिसायचं? शाळा, अभ्यासिका, मुलींचं शिक्षण. मी त्याला दृष्टी म्हणायचे आणि त्यांच्या मागण्यांना स्वार्थ. त्यांना त्यांच्या वाटेवरचं दिसत होतं आणि मला माझ्या, हे कळायला फार वेळ गेला.

म्हणून शिक्षणाचा उपयोग झाला नाही असं कोणी म्हणालं तर तेही मी ऐकून घेणार नाही. एका गल्लीत नळाची पाइपलाइन टाकताना अंदाजपत्रकात खोली नव्वद सेंटिमीटर होती. मी घरातली मीटरपट्टी घेऊन गेले आणि चरात उतरले. पंचेचाळीस भरली. साठ मीटर लाइन पुन्हा खोदायला लावली. त्या दिवशी कागद वाचता येणं आणि पट्टी धरता येणं कामी आलं. दूधवाल्यांना ते जमलं नसतं, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

आता तो दिवस. फेब्रुवारी २०१९, अंदाजपत्रकाची विशेष सभा. मी तेव्हा महिला व बालकल्याण समितीची सभापती होते. पालिकेचं अंदाजपत्रक कोटींचं दिसतं, पण त्यातला बहुतेक पैसा कपाळावर नाव लिहून येतो. वित्त आयोगाचा, दलितवस्तीचा, नगरोत्थानचा. ज्याच्या नावाने आला त्यावरच खर्चायचा. १९९९ मध्ये जकात गेल्यापासून आपल्या मनाने खर्चायला उरते ती घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळेभाडं, आणि त्यातून महिलांसाठी राखलेले त्या वर्षी सहा लाख होते. माझा प्रस्ताव तयार होता. चाळीस मुलींना संगणकाचा कोर्स आणि गरजू बायकांना शिलाई मशीन. कोणत्या मुली, कोणत्या बायका, त्यांचं उत्पन्न किती, सगळा तक्ता मी रात्री जागून केला होता.

आमच्यात एक ताई होत्या. चौथी झालेल्या, मंडईत पालेभाजी विकणाऱ्या. राखीव जागेवर निवडून आल्या होत्या आणि नगरसेविका झाल्यावरही गुरुवारच्या आठवडे बाजाराला आपल्या जागेवर पोतं अंथरून बसायच्या. सभेत त्या कधी बोलत नसत. त्या दिवशी उभ्या राहिल्या. हातात मुलीकडून लिहून आणलेली चिठ्ठी होती, पण ती त्यांनी उघडलीच नाही.

"बाजाराला बायका सकाळी सहाला येतात, अंधार पडला की जातात. दिवसभर पाणी पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत बऱ्याच जणी येतच नाहीत, तो आठवडा बुडतो. बायकांना मुतारी पाहिजे. आडोसा पाहिजे, एवढंच."

मागून कोणीतरी म्हणालं, "आता हेपण सभागृहात काढायचं का?" आणि हशा झाला. मोठा नव्हता. पण सगळीकडे फिरला. आमच्यातल्या दोघी-तिघींनी मान खाली घातली. नगराध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, कारण पैसे माझ्या समितीचे.

मी उठले आणि वर्गात बोलतात तशी बोलले. म्हणाले, ताईंचा विषय महत्त्वाचा आहे. पण नुसती खोली बांधून भागत नाही. पाण्याची जोडणी लागेल, रोज सफाईला माणूस लागेल, दुरुस्तीची तरतूद लागेल. ते केलं नाही तर सहा महिन्यांत तिथे जाववणार नाही. नीट आराखडा करू आणि पुढच्या वर्षी घेऊ.

एकही शब्द चुकीचा नव्हता. मुख्याधिकाऱ्यांनी मान डोलावली. माझा प्रस्ताव मताला आला आणि सगळ्यांनी हात वर केले. ताईंनीही. त्यांच्या बोटांना मेथीचा हिरवा डाग होता. इतिवृत्तात नंतर आलं, "विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर." त्या काय बोलल्या याची एक ओळही नाही. इतिवृत्त कायम करताना ते वाचून मी सही केली.

सभा सुटल्यावर जिन्यात त्या माझ्या मागून आल्या. आवाजात राग अजिबात नव्हता, माहिती विचारावी तसं त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या शाळेत होतं का हो?"

होतं. शिक्षिकांचं वेगळं होतं. त्याला कुलूप असायचं आणि अठ्ठावीस वर्षं त्याची एक किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी "हो" म्हणाले. त्या "बरं" म्हणाल्या आणि खाली उतरून गेल्या. बाहेर त्यांचा भाजीचा हारा ठेवलेला होता, तो त्यांनी एका शिपायाला हात लावायला सांगून डोक्यावर घेतला.

आजवर मी स्वतःला सांगत आले की मी पाण्याचा आणि सफाईचा विचार केला. तो केला होताच. पण खरं कारण तो हशा होता. सभागृहात मॅडम बोलायला लागल्या की पुरुष गप्प बसून ऐकतात, इथवर यायला मला दोन वर्षं लागली होती. मुतारीच्या विषयाला माझं नाव लागलं असतं तर ते सगळं गेलं असतं, अशी मला भीती वाटली. ती चौथी शिकलेली बाई त्या हशात उभी राहू शकली आणि मी बीएस्सी, बीएड असून राहू शकले नाही. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध आहे, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

पुढच्या वर्षी म्हणजे फेब्रुवारी २०२० मध्ये मी खरंच तरतूद केली. सहा लाखांतले चार लाख. आराखड्यासाठी मंडईत टेप घेऊन मीच गेले, जागाही ताईंनी दाखवली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आठवडे बाजार कित्येक महिने भरलाच नाही, होता तो पैसा जंतुनाशकाकडे आणि विलगीकरण केंद्राकडे गेला. त्यानंतर आमची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक जवळपास चार वर्षं झाली नाही.

त्या चार वर्षांबद्दल मला कोणीच विचारत नाही, याचं मला नवल वाटतं. शिकलेल्या माणसाच्या हाती कारभार द्यावा म्हणता, तर तो तेव्हा दिलेला होता. प्रशासक नियमाने वागणारे होते, त्यांच्या विरुद्ध बोलावं असं माझ्याकडे काही नाही. पण नळाला चार दिवस पाणी आलं नाही तर पहाटे सहाला कोणाचं दार वाजवायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं. लोक दूधवाल्यांच्या दारात जात राहिले. ते पदावर नव्हते, तरी खांबांचे नंबर सांगत राहिले.

२०२३ मध्ये मंडईत बायकांसाठी पत्र्याची तयार दोन युनिटं आणून बसवली. पाण्याची जोडणी नाही, सफाईला माणूस नेमलेला नाही. महिन्याभरात कुलूप लागलं. म्हणजे २०१९ मध्ये मी जे बोलले ते बरोबर निघालं. घरी कोणीतरी मला तसं म्हणालंसुद्धा. मला त्याचा कसलाच आनंद झाला नाही. मी बरोबर होते आणि बायका अजून दिवसभर पाणी पीत नाहीत, या दोन गोष्टी एकत्र कुठे ठेवायच्या ते मला समजत नाही.

आणि त्या चाळीस मुली? त्यांच्यातली एक पतसंस्थेत कामाला आहे. गेल्या दिवाळीत पेढे घेऊन आली आणि वाकून नमस्कार करून गेली. ती समोर असताना माझा ठराव चुकला होता असं मला म्हणवत नाही. गुरुवारी मंडईतून जाताना वेगळं वाटतं. एका दिवशी दोनदा माझं मत बदललेलं आहे.

तेव्हा "शिकलेले हवेत का?" याला माझ्याकडे हो किंवा नाही असं उत्तर नाही. चर मोजायला मी हवी होते. त्या बायकांचं बोलायला त्या ताई हव्या होत्या. दोघी एकाच सभागृहात होतो, शेजारच्या खुर्च्यांवर, आणि तरी ते काम झालं नाही. यंदा ताईंच्या प्रभागाचं आरक्षण बदललं, त्यांना कोणी विचारलंही नाही. मी उभी राहिले नाही. त्याचं कारण प्रकृती आहे असं मी सांगते, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे.

नवीन मंडळी सभागृहात बसल्यावर मी आरोग्य विभागात जाऊन त्या युनिटांच्या पाण्यासाठी अर्ज दिला. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेऊन मंडईत ताईंकडे गेले. त्या जुड्या बांधत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी कागद घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि परत माझ्याकडे दिला.

"तारीख घातलीय का, मॅडम?"

घातली होती. मी ती त्यांना वाचून दाखवली.