एक कार्ड उरलं

बीएसएफमधनं, म्हणजे सीमा सुरक्षा दलातनं रिटायर होऊन आता गावी माणला शेती बघतोय, पण नदियाची ती संध्याकाळ अजून डोक्यातनं जात नाही.

बंगालमधला हा जिल्हा, पलीकडं बांगलादेश. तिथलं कुंपण बरोब्बर हद्दीवर नाही हे इकडच्या लोकांना सांगितलं तर पटत नाही. 1975 साली दोन्ही देशांचं ठरलं की झिरो लाईनपासून, म्हणजे खऱ्या हद्दीपासून 150 यार्डात संरक्षणाचं बांधकाम नको, म्हणून तार आत सरकली आणि मधल्या पट्ट्यात आपल्याच लोकांची शेतं अडकली. तारेखाली गेली तेवढीच जमीन सरकारनं घेतली, पुढची मालकाच्याच नावावर, फक्त गेटची चावी आमच्याकडं. सकाळी ओळखीचं कार्ड जमा करायचं, रजिस्टरात नाव, नांगर-बैल सगळं लिहायचं नि पाचच्या आत परत.

ऑगस्ट होता, पाट म्हणजे ताग कापणीला आलेला. दोन पुरुष उंच पीक, आत माणूस बसला तर चार हातांवरनं दिसत नाही, आणि दलाल पलीकडची माणसं चोरून त्यातनंच आणतात म्हणून आमचा त्या पिकावर राग. त्या दिवशी एकतीस आत गेले, तीस बाहेर आले. डब्यात एकच कार्ड उरलं, सत्तरीच्या एका म्हाताऱ्याचं, आम्ही सगळे त्याला दादू म्हणायचो.

खरं सांगतो, पहिला विचार वाईटच आला. म्हातारा कुणाला तरी घेऊन येतोय. वायरलेस केला, तिघं आत शिरलो, टॉर्च मारत, बोट ट्रिगरपाशी.

दादू पार टोकाला, हद्दीच्या पिलरजवळ बांधावर बसलेला, मांडीवर कोयता. समोर दीड-दोन गुंठ्याचा ताग रात्रीत कुणीतरी कापून नेलेला, तिरके ताजे बुडखे नुसते. उठायला तयार नाही. मोडक्या हिंदीत म्हणाला, "स्यार, पाच वाजता तुम्ही कुलूप लावता, मग रात्री राखण कोण करणार? तुमची गस्त तर तारेच्या आतनं."

उत्तर काय देणार. त्यानं बनियनच्या आतनं प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात घडी घालून पर्चा, म्हणजे त्यांच्याकडचा सातबारा. घडीवर फाटलेला, पिठानं चिकटवलेला. आमच्या आबांच्या ट्रंकेतला उतारा डिट्टो असाच होता हो, कॅनॉलला रान गेलं तरी शेवटपर्यंत जपला होता त्यांनी.

तेवढ्यात वरनं ऑर्डर, बाहेर काढा. दंडाला धरून आणला, कोयता मी घेतला. गेटवर म्हणाला लिहा माझा ताग गेला म्हणून, तर रजिस्टरात पीक चोरीचा रकानाच नाही, शेवटी शेऱ्यात लिहिलं. पुढं कुणी वाचलं का, काय माहीत.

दुसऱ्या दिवशी गेट उघडायच्या आधीच दादू लायनीत पहिला उभा, हातात कार्ड. माझ्याकडं बघितलंच नाही. पुढच्या साली त्या टोकाला त्यानं मसूर टाकली, गुडघ्याएवढी. आम्हाला लांबनं सगळं दिसायला लागलं.