काठी पेलणाऱ्याचा भरवसा

‘काका, तरुणपणापासून आजवर देवावरचा तुमचा भरवसा कधी डळमळला नाही का?’ सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा जवळ आली की कुणीतरी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. डळमळला. चांगली दोन वर्षं.

विशीत मी नंदीध्वजाची, म्हणजे जत्रेच्या मिरवणुकीतली उंच, जड काठी पेलायचो. सात काठ्या, अंगात पांढरी बाराबंदी, ‘हर्र बोला हर्र’चा गजर आणि सिद्धरामेश्वरांनी शहरात स्थापलेल्या 68 लिंगांची वाट. तेव्हा भरवसा होता तो माझ्या दंडांवर. देवाचं नाव तोंडी लावायला. सिद्धरामेश्वरांनी 12व्या शतकात लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, ते मला घाम गाळण्यापुरतंच कळलेलं.

मग मिल बंद पडली. मुलं शाळेत, मी पावरलूमवर रात्रपाळीला. राग देवावरच काढला, मालकावर काढायची सोय नव्हती. दोन संक्रांती बाराबंदी पेटीतच राहिली. बायको सोमवार धरायची, मी मुद्दाम त्याच दिवशी भजी मागायचो. (ती करूनही द्यायची, तो तिचा मोठेपणा.)

तिसऱ्या वर्षी भोगीला सकाळी बायकोनं बाराबंदी इस्त्री करून खुंटीला लावलेली. एक शब्द बोलली नाही. मी गेलो, भक्तीनं नव्हे, लाजेनं. सराव नव्हताच. देवाचं लग्न लागतं त्या संमती कट्ट्याकडे जाताना एका वळणावर काठी कलली, हात सुटायला आला. ‘धरा रे’ म्हणायला तोंड उघडेपर्यंत मागून कुणीतरी भार घेतला होता. कोण, ते गर्दीत दिसलं नाही. मी शोधलंही नाही.

त्यानंतर मी देवाकडे फारसं काही मागितलं नाही. नोकरी तर परत मिळाली नाहीच.

आता गुडघे गेलेत. मिरवणूक निघते तेव्हा नातू खुर्ची टाकून देतो बाळीवेशीत. गेल्या भोगीला घरच्यांनी हट्टानं रिक्षात घालून कट्ट्यापर्यंत नेलं. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ झालं, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागलं, अक्षता उडाल्या. माझा हात इतका थरथरतो की निम्म्या माझ्याच मांडीवर पडल्या. नातू वेचायला वाकला. मी म्हटलं, राहू दे रे, इथंही चालतात.