पश्चिमेची काच

बेळगावच्या टिळकवाडीतल्या मावसभावानं नव्या फ्लॅटचे फोटो पाठवले. पाचवा मजला, हॉलची पश्चिमेची अख्खी भिंत काचेची, आणि खाली लिहिलेलं, 'तुमच्या सिंगापूरसारखं!' तेव्हापासून डोकं भणभणतंय. अरे बाबा, मी राहतो त्या सरकारी इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीला एकही खिडकी नाही!

इथली तीन-चतुर्थांशांहून जास्त वस्ती हाउसिंग बोर्डाच्या घरांत राहते. बोर्ड १९६० सालचं. विषुववृत्त खाली हाकेच्या अंतरावर, त्यामुळं दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि उत्तर-दक्षिणेच्या खिडक्यांना हातभर छज्जासुद्धा पुरतो. खरा त्रास सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हाचा. ते छज्जाखालून सरळ घरात शिरतं. म्हणून शक्य तिथं इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला ठेवतात. वारा डिसेंबरपासून ईशान्येचा, जूनपासून नैऋत्येचा. तो एका खिडकीतून येऊन समोरच्या खिडकीतून निघून जावा अशी आखणी. तळमजला बहुतेक ठिकाणी मोकळा, नुसते खांब. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथं लग्नं लागतात, मयताला माणसं तिथंच जमतात आणि एरवी म्हातारे वाऱ्याला बसतात. डॉसन भागात २०१५ च्या सुमाराला ९६० घरांचे उंच मनोरे झाले. तिथं दर ८० घरांमागं वरच एक सामाईक अंगण आहे आणि घरं एसीशिवाय राहता येईल अशीच काढली आहेत.

आता लगेच 'एवढं आहे तर तुझ्या घरात एसी कशाला?' असं विचारू नका. आहे. इथं रात्रीसुद्धा पारा तेविसाच्या खाली क्वचित उतरतो, त्यात घामट हवा. बेळगावात डिसेंबरला रजई ओढून झोपणाऱ्यांनी मला शिकवू नये.

पण मला राग काचेचा आहे. बरं, सिंगापूरचा नकाशा जसाच्या तसा उचलूनही आमच्याकडं भागणार नाही. बेळगावात वारा पश्चिमेचा, पावसाची झड पश्चिमेची आणि एप्रिलचं दुपारचं ऊनही पश्चिमेचंच. खिडकी बंद केली तर वारा गेला, उघडी ठेवली तर ऊन आणि पाणी आत. खानापूरकडच्या जुन्या घरांनी हा गुंता कधीच सोडवला होता: खाली उतरलेलं कौलारू छप्पर, त्याखाली खोल पडवी, पावसाळ्यात पुढं बांधलेली झडप. वारा आत, बाकी सगळं बाहेर. पाचव्या मजल्यावर पडवी म्हणजे खोल गॅलरी आणि जाळी. त्याला इंजिनिअर लागत नाही, आजोबा पुरेत. पण बिल्डर गॅलरी हॉलमध्ये घेतो, स्लायडिंग ठोकतो आणि वर एसीचे पॉइंट 'फ्री' देतो.

भावाला सांगितलंय, पडदा आतून लावू नकोस. ऊन काचेतून आत आलं की पडदाच तापतो. बांबूची चिक बाहेरून सोड.

कणबर्गीकडं, अनगोळात कुणी बुकिंग करणार असाल तर एक करा. बिल्डर साइट सकाळी दाखवतो. तुम्ही एप्रिलात दुपारी चारला जा आणि चप्पल काढून हॉलच्या फरशीवर पाच मिनिटं उभे राहा.