कुंपणापलीकडचा कळप

शिकारीला जातोय हे सांगताना ‘काऊ एल्क’ हे शब्द मी घरी फोनवर बोलायलाच नको होते. “काऊ म्हणजे गाय ना रे?” आईने विचारलं आणि पुढची दहा मिनिटं मी सांबर, हरीण, नर, मादी असं काहीबाही समजावत बसलो. एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं थोराड हरीण, आपल्या सांबराच्या भाऊबंदांतलं. पूर्ण वाढलेली मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास भरते. इंग्रजीत नराला बुल आणि मादीला काऊ म्हणतात, त्याला मी काय करणार! बाबांना नावाचं काही नव्हतं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता, रोह्यांचा म्हणजे नीलगाईंचा. “आपल्याइथं रोह्यानं तूर खाल्ली त सरकार पंचनामा करते. अन् तिथं तुले पैसे भरून मारा लागते?”

पैसे भरूनच मारावं लागतं. त्यातही तुम्ही त्या राज्याचे रहिवासी नसलात तर जास्त.

मी राहतो नेब्रास्कातल्या ओमाहामध्ये. यवतमाळकडे लहानपणी मचाणावर डबडं वाजवत रात्रीची जागल केलेला माणूस इथे सॉफ्टवेअर लिहितो, आणि ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या नादाने गेली काही वर्षं हरणाच्या शिकारीला जातो. ग्रीन कार्ड येईपर्यंत बंदुकीला हात लावला नव्हता. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. शिकारीचं वैध लायसन्स असलं तर सूट मिळते, पण सुटीच्या दिवशी कायद्याची कलमं खिशात घेऊन फिरायची हौस नव्हती.

मादीच का, हे इथलेही लोक विचारतात. शिंगांचा नर हवा असेल तर चांगल्या भागाच्या ड्रॉसाठी, म्हणजे लायसन्सच्या सोडतीसाठी, वर्षानुवर्षं पॉइंट साठवत बसावं लागतं. मला भिंतीवर शिंगं नको होती, फ्रीजरमध्ये मटण हवं होतं. शिवाय कळप आटोक्यात ठेवायचा तर माद्याच कमी कराव्या लागतात. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर मारून संख्या फारशी हलत नाही. म्हणून कळप वाढलेल्या भागांत मादीची लायसन्सं जास्त निघतात आणि स्वस्तही असतात. शेजारच्या वायोमिंग राज्यात बाहेरच्या माणसाला नेहमीचं एल्क लायसन्स ६९२ डॉलरला पडतं, तर मादी किंवा पाडसापुरतं लायसन्स २८८ ला. वन्यजीव संवर्धनासाठीचा कॉन्झर्व्हेशन स्टॅम्प वेगळा.

हे आकडे बघूनच २०२४ मध्ये मी फसलो. न्यू मेक्सिको मी लगेच खोडलं, कारण तिथल्या ड्रॉत मार्गदर्शकाशिवाय जाणाऱ्या बाहेरच्यांना सहा टक्केच वाटा. कोलोराडोत एल्क सगळ्यांत जास्त, पण तिथे जायचं तर ओमाहाहून आणखी लांब, डोंगर चढून पश्चिमेला. राहिलं वायोमिंग. ड्रॉनंतर उरलेली लायसन्सं तिथे जुलैत विकायला काढतात. त्या यादीत लारामी पीक या डोंगराच्या परिसरातली मादीची लायसन्सं दिसली आणि मी सकाळी कॉफी पिता पिता एक घेऊन टाकलं. एवढ्या सहज मिळतंय तर ते उरलं कशामुळे, हा साधा प्रश्न मला पडला नाही. बाजारात शेवटी उरलेली वांगी आई उलटसुलट करून बघते, तेवढंही मी केलं नाही.

ऑक्टोबरात ५०० मैल गाडी हाकत गेलो तेव्हा उत्तर डोळ्यांसमोर उभं होतं. एल्क भरपूर, पण कुंपणाच्या आत. गोळीबार सुरू झाला की सरकारी जमिनीवरचे कळप खाजगी रँचवर सरकतात, आणि तिथे त्यांना कोणी हात लावत नाही. नकाशावर पिवळे-हिरवे दिसणारे सरकारी तुकडे मी मोठ्या हौसेने खुणा करून नेले होते. त्यांतल्या निम्म्यांना रस्ताच नव्हता. चारही बाजूंनी कोणाची तरी रँच. उरलेल्यांवर माझ्यासारख्याच नारिंगी टोप्यांची गर्दी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका काटेरी तारेपलीकडे साठ-सत्तर माद्या चरताना दिसल्या. मी तारेच्या अलीकडे पाऊण तास बसून त्यांच्याकडे बघत होतो. एक पाडसू तारेखालून माझ्या बाजूला आलं, इकडेतिकडे बघितलं आणि परत गेलं. लायसन्स वाया गेलं.

दुसऱ्या वर्षी मी निवड उलट्या टोकाकडून सुरू केली. आधी पाय ठेवायला जागा, मग लायसन्स.

फेब्रुवारीत वन्यजीव खात्याच्या त्या भागातल्या बायोलॉजिस्टला फोन केला. सरकारी खात्यातला माणूस आपल्याशी वीस मिनिटं बोलेल असं मला वाटलं नव्हतं, पण बोलला. कळप कुठल्या खोऱ्यात कधी उतरतो, वॉक-इन एरिया म्हणजे खात्याने मालकांशी करार करून शिकाऱ्यांना खुल्या केलेल्या जमिनी कोणत्या, सगळं सांगितलं. नवखे लोक विल्डरनेसमध्ये जायचा बेत करतात म्हणून तोही इशारा दिला. वायोमिंगमध्ये केंद्र सरकारने राखलेल्या विल्डरनेस भागात परराज्यातल्या माणसाला एल्कच्या शिकारीसाठी मार्गदर्शक किंवा तिथला रहिवासी सोबत लागतोच.

मार्च २०२५ मध्ये आणखी एक मोह झाला. दक्षिण वायोमिंगमध्ये रेल्वेला एकोणिसाव्या शतकात एक सोडून एक चौकोन अशी जमीन दिली गेली. ती रेल्वे म्हणजे युनियन पॅसिफिक, जिचं मुख्यालय आमच्या ओमाहातच आहे. त्या वाटपामुळे तिथला नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो, एक चौकोन खाजगी, एक सरकारी. मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी शिडी लावून एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यातून दुसऱ्यात पाऊल टाकलं, खाजगी मातीला न शिवता. रँचच्या मालकाने त्यांना कोर्टात खेचलं. त्या मार्चमध्ये डेन्व्हरच्या अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. सहकारी म्हणाला, चल, आता आपणही शिडी घेऊ. निकाल मला पटला, पण कोणाच्या बांधावर उभं राहून तो वाचून दाखवायची माझी तयारी नव्हती. बांधाचं भांडण काय असतं ते मी गावी बघितलंय.

मार्गदर्शकासह तीन दिवसांचे अडीच हजार डॉलर एकाने सांगितले, तोही नाद सोडला. मग उरला फोन. परगण्याच्या नोंदींतून आणि ऑनएक्स ॲपच्या नकाशावरून मालकांची नावं काढली आणि रोज संध्याकाळी दोन-तीन जणांना फोन लावले. बहुतेकांनी नाही म्हटलं, एकाने माझा उच्चार ऐकून काही विकायला फोन केलाय असं समजून ठेवून दिला. सतरावा फोन एका म्हाताऱ्या रँचरने उचलला. नर हवाय का, हा त्याचा पहिला प्रश्न. नको, मादीच, म्हटल्यावर आवाज बदलला. मग त्याने गाऱ्हाणं सुरू केलं, हिवाळ्यासाठी रचलेल्या गवताच्या गंजी एल्क कशा उपसतात, कुंपणाच्या तारा कशा तोडतात. डोळे मिटून ऐकलं असतं तर पलीकडे बाबाच बोलताहेत असं वाटलं असतं. मी रोह्यांची गोष्ट सांगितली. तो खूप हसला आणि म्हणाला, दिवसाचे दोनशे डॉलर, दोनच माणसं, गेट जसं असेल तसंच ठेवायचं.

मग प्रश्न उरला कधी जायचं. हंगाम लांब होता. ऑगस्ट-सप्टेंबरात पाडसं आईमागे असतात. जानेवारीत बर्फामुळे कळप खाली येतो आणि काम सोपं होतं, पण सप्टेंबरच्या माजानंतर माद्या गाभण असतात आणि तोवर गर्भ बराच वाढलेला असतो. सहकाऱ्याला यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं. नोव्हेंबरअखेरीसही गाभण असतेच, हे मला माहीत होतं; तरी थँक्सगिव्हिंगचा आठवडा ठरवला. यामागे तर्क थोडा आणि मनाची समजूत जास्त, हे कबूल करतो. जुलैत लायसन्स घेतलं. १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट लागतं. नेब्रास्काचं तिथे चाललं.

शिकारीचं फार सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, दीडशे यार्डांवर, एक गोळी. मोठी गोष्ट त्यानंतरची. लायसन्ससोबतच्या कूपनवर तारीख आणि सही करून ते शिकारीला बांधलं, मग सहा तास दोघांनी चामडं काढणं, मागचे-पुढचे पाय सोडवणं, पाठीचं मांस काढणं. मादी असल्याचा पुरावा मांसाला जोडलेलाच ठेवावा लागतो. रँचरचा ट्रॅक्टर नसता तर ते उताराखालून वर आणायला आम्हाला दुसरा दिवस लागला असता. गर्भ होता. त्याबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

लिम्फ नोडचा नमुना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाच्या तपासणीला दिला. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये चिठ्ठी लावून ठेवलं. रोग नसल्याचा निरोप आला त्या शनिवारी सावजी मसाला वाटला. सहकारी बायको-मुलांसह जेवायला आला, रश्श्याने आलेला घाम पुसत तीन वेळा भात घेतला.

बाबांना व्हिडिओवर पातेलं दाखवलं. सत्तर किलो निघालं म्हटल्यावर ते खूश झाले. मग विचारलं, “किलोनं कितीले पडलं?” मी पेट्रोल, मॉटेल, रँचरचे चारशे डॉलर, खाटकाचं बिल सगळं मनातल्या मनात मांडलं. गेल्या वर्षीचं लायसन्स धरायचं की नाही, तेवढ्यावर अडलो आणि आवाज नीट येत नाही असं सांगितलं.