घाम सुकण्याआधीची मजुरी

आज सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंगमध्ये इस्लाममधील मानवी हक्कांविषयीचे व्याख्यान ऐकले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी उभ्या केलेल्या संस्थेत हा विषय निघावा, हे उचितच होते.

इ.स. ६३२ मधील निरोपाच्या प्रवचनात पैगंबरांनी माणसाचे प्राण, मालमत्ता आणि अब्रू पवित्र ठरवली आणि अरबाला बिगरअरबावर श्रेष्ठत्व नाही असे बजावले, हे सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. पण सभा खरी जागी झाली ती मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, या हदीसने, म्हणजे पैगंबरांच्या नोंदवून ठेवलेल्या वचनाने. माझ्या शेजारी बसलेले, नखांत सिमेंट सुकलेले गवंडीकाका उठून म्हणाले, “आणि ठेकेदारानं दोन महिने लटकवलं तर?” वक्त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले की थकवलेली मजुरी हे कर्जच आहे आणि ते नमाज-रोज्यांनी फिटत नाही. माझ्या मते संपूर्ण व्याख्यानात एवढे मोलाचे दुसरे वाक्य नव्हते, कारण वस्तीतली भांडणे बहुधा अशा बुडवलेल्या पैशांतूनच पेटतात आणि धर्माचे नाव त्यांना मागाहून चिकटते.

कुराणाने सातव्या शतकातच स्त्रीला वारसाहक्क दिला, हेही सांगितले गेले. मात्र मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा का, हा एका विद्यार्थिनीचा प्रश्न वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला आहे.